तुपाची शीग

आमच्या घरात मोजण्याच्या दोन पद्धती होत्या आणि प्रत्येक पद्धतीला आपापला माणूस होता. आईकडे पितळी मापटं होतं, सुप्याहून, तिच्या माहेराहून आलेलं. मापटं म्हणजे अर्धा शेर. चार शेरांची पायली. तिकडच्या जिरायत रानातली ज्वारी-बाजरी पायलीनंच घरात यायची आणि पायलीनंच बाहेर जायची. तात्यांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, स्वतःचं माप काहीच नव्हतं. पण ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते, आणि काट्यावर न चढलेली कोणतीही वस्तू त्यांच्या लेखी मोजलेली नव्हती. उसाची बैलगाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा तोलायची, दोन्हींतला फरक तो ऊस. एवढं साधं सोडून लोक भांड्यांनी का मोजतात, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आई धान्य मोजायला बसली की मी समोर बसत असे, कारण त्या कामाला आवाज होता. मापटं ज्वारीत खुपसल्याचा करकर आवाज, मग वर येताना दाणे घरंगळल्याचा, मग पिशवीत ओतल्याचा. पहिल्या मापाला ती 'एक' कधी म्हणत नसे. "लाभ," म्हणायची आणि मग दोन, तीन, चार. मापाच्या काठावर धान्याचा जेवढा ढीग उभा राहील तेवढा राहू द्यायचा, त्याला शीग म्हणत. काठ हातानं सपाट करून कोणाला काही देणं म्हणजे घराचा हात आखडता असल्याचं चारचौघांत सांगणं. कोणाच्या दारात काही घेऊन जाताना तर शीग हवीच, आणि वर एक मूठ.

"तुझं मापटं लबाड हाय," तात्या म्हणत. "ज्वारी घातली तर अर्ध्या किलोला जरा कमी. मैदा घातला तर त्याच्या पाऊणपट बी न्हाय. एकाच भांड्याची दोन तोंडं."

"भांडं तेच हाय. तुमचा किलोच बदलतोय," आई म्हणायची. "आन काट्याला शीग कुठं असती वो? काटा देतो तेवढंच देतो. कंजूष कुठला."

हंगाम नसला की तात्या दुपारी घरी असत, आणि हा वाद त्यांना बहुधा आवडत असावा, कारण तो उकरून तेच काढत.

इंदापूरच्या कडेला आमची वस्ती. रविवारी संध्याकाळी विहारात वंदना, बाकीचे दिवस ज्याचं त्याचं काम. आई द्राक्षाच्या बागेत विरळणीला जायची, डाळिंबाच्या पेट्या भरायला जायची. बारामतीला बायकांसाठी बेकरीचा वर्ग निघाला तेव्हा तिनं बागेतली रोजंदारी सोडून नाव घातलं. एसटीनं जायची, संध्याकाळी परतायची, आणि पदरात बांधून काहीतरी आणायची: कधी अर्धी पॅटिस, कधी केकचा कोपरा. त्याला व्हॅनिलाचा वास असे, आणि तो वास तिच्या पदराला दुसऱ्या दिवशीही येई.

अडचण कपाची निघाली. वर्गात शिकवणाऱ्या बाई सगळं कपात सांगत. दोन कप मैदा, एक कप साखर. त्यांच्या टेबलावर रेघा आखलेला प्लास्टिकचा कप होता. आमच्या घरात तीन तऱ्हेचे कप होते आणि तिन्ही चहाचे. पाहुण्यांचा बशीवाला, रोजचा, आणि कान तुटलेला, ज्यात तात्या दाढीचं पाणी घेत. आईनं मैदा पाहुण्यांच्या कपानं घेतला आणि साखर रोजच्या कपानं, कारण पाहुण्यांचा कप मैद्यानं माखला होता. मावशीकडून मागून आणलेल्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमधून जे बाहेर आलं ते केकच्या आकाराचं होतं. तात्यांनी ते मोडून चहात बुडवलं, शांतपणे चावलं आणि म्हणाले, "रोट झ्याक झालाय."

आईनं दोन दिवस ओव्हनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मापटं आणि चिपटं, म्हणजे मापट्याच्या निम्मं माप, घासून ओव्हनशेजारी मांडलं. कप कोणता हे महत्त्वाचं नाही, सगळ्याला एकच पाहिजे, एवढं तिला त्या रोटानं शिकवलं होतं. तात्यांनी किराणा दुकानातून दुपारपुरता तराजू मागून आणला. हे त्यांनी आपण होऊन केलं, कोणी सांगितलं नव्हतं. चिपट्यात मैदा भरायचा, वरून सुरीच्या पाठीनं सपाट करायचा, पारड्यात ओतायचा. मग पिठीसाखर. मग वितळलेलं तूप. आम्ही तूप म्हणत असलो तरी ते वनस्पती. साजूक तूप त्या कामाला कोणी वापरत नव्हतं. मी दाराच्या मागच्या बाजूला खडूनं उत्तरं लिहीत होते. तूप वितळवूनच मोजायचं, हे वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं. थिजलेल्या तुपात पोकळी राहते, माप चुकतं. नानकटाईचं प्रमाण अखेर असं बसलं: तीन मापं मैदा, दीड माप पिठीसाखर, एक माप तूप. तराजूत पाहिलं तर मैद्याच्या निम्मी साखर आणि निम्म्याहून थोडं जास्त तूप. त्या संध्याकाळची नानकटाई वरून तडकलेली, आतून भुसभुशीत आणि जिभेवर ठेवली की विरघळणारी होती. तात्या म्हणाले, "काटा लावला म्हणून." आई म्हणाली, "चिपट्यानं घेतलं म्हणून." दोघांचंही खरं होतं. हे तेव्हा कळण्याइतकी मी मोठी नव्हते; मला फक्त आणखी दोन हव्या होत्या.

गावात हुसेनचाचांची भट्टी होती. दिवाळीच्या आधी बायका घरून मैदा, साखर, तूप घेऊन भट्टीवर जात. चाचा तिथं मळून, भाजून देत आणि आपण डबे भरून घरी यायचं, अशी तेव्हा रीत होती. विकतची बिस्किटं पुड्यात मिळत, पण दिवाळीची नानकटाई घरच्या जिनसांची हवी. आमच्या घरी दिवाळी सण म्हणून नव्हती, पण शाळेला सुट्टी होती आणि डबा आमचाही जात असे. त्या वर्षी चाचांनी सांगून टाकलं की बायकांचं भाजणार नाही. पावाचं काम मुलगा बघत होता. हे मळण्याचं काम चाचा स्वतःच्या हातानं करत आणि त्यांचा खांदा उतरला होता.

आई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मी बरोबर होते.

"चाचा, मळते मी. तुमी निस्तं बघा."

चाचांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारामतीला शिकून आली म्हणं तू."

"शिकले."

"तिथं कपानं मोजतेत. हितं एकेक बाई डोंगराएवढं घेऊन येती. जमंल?"

"जमंल."

चाचा खांदा चोळत बसले. "एक घाणा कर. चार-पाच घरांचा. सकाळचा पाव निघाला की भट्टी गरमच राहती, त्या गरमीवर. बरोबर निघाला तर या दिवाळीला भट्टी तुझी, पुढच्या बी. न्हाय निघाला तर," ते थांबले, "तर मग न्हाय, बेटा. लोकांचा मैदा हाय."

दोघांनाही माहीत असलेली एक गोष्ट दोघांनीही उच्चारली नाही. पीठ कोण मळणार, हा प्रश्न त्या काळी गावात सगळ्यांसाठी सारखा नव्हता. चाचांच्या हातचं खाण्याची गल्ल्यांना पिढ्यांची सवय होती. आईच्या हातचं खाण्याची नव्हती. बागेत आईच्या शेजारी बसून घड विरळणाऱ्या बायकासुद्धा डबा उघडताना थोड्या सरकून बसत. कोणी भांडत नव्हतं, कोणी काही म्हणत नव्हतं. ते फक्त सरकणं होतं. आईला भट्टी हवी होती ती बागेतल्या उन्हातून सुटका म्हणून, हे खरं. पण ज्या कामात लोक आपलं पीठ तिच्या हातात देतील, असं काम तिला हवं होतं, हेही तितकंच खरं. तिनं ते मला फार पुढे, मी वर्तमानपत्रात नोकरीला लागल्यावर सांगितलं, आणि तेही दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना.

घाण्यासाठी पाच घरं तयार झाली. त्यात सर्वांत मोठा शब्द यशोदाकाकींचा. त्यांची भाजीची बाग होती. त्यांच्या वांग्या-टोमॅटोचे कॅरेट बारामतीच्या बाजारात जात, आणि गल्लीत कोणाचं चांगलं, कोणाचं वाईट, हे त्यांच्या ओट्यावर ठरे. आईनं घरोघर जाऊन निरोप दिला: आमचंच मापटं नेऊन मोजा, तीन मैदा, दीड पिठीसाखर, एक तूप. आणि तूप वितळवून मोजून आणा, म्हणजे फरक पडायचा न्हाय. मापटं त्या दिवशी पाच घरं फिरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीवर बायका आल्या. भट्टीच्या तोंडातून येणारी धग, पावाचा आंबूस वास, पत्र्याचे ट्रे एकमेकांवर आपटल्याचा आवाज. मी प्रत्येक ट्रेच्या कोपऱ्याला नावाची चिठ्ठी चिकटवत होते. आईनं परात पुढं केली, तेव्हा यशोदाकाकींनी पिशवी तिच्या हातात दिली नाही, स्वतः ओतली. घरून मोजलेलंच होतं, तरी परातीत ओतताना त्यांनी मापट्यानं पुन्हा मोजून ओतलं आणि स्वतःच म्हटलं, "लाभ... दोन... तीन." प्रत्येक मापावर शीग उभी होती. शेवटी एक मूठ वर. बाकीच्या बायकांनी तेच केलं. आईनं ते पाहिलं आणि तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण तिनंही तसंच केलं असतं.

घाणा बिघडला. नानकटाया ठेवल्या तशा राहिल्या, पसरल्या नाहीत, तडकल्या नाहीत. फावड्यानं ट्रे ओढून बाहेर घेतल्यावर चाचांनी एक उचलली आणि ती त्यांच्या बोटांत पीठ होऊन खाली पडली. त्यांनी दुसरी उचलली. तीही तशीच.

कोणी म्हणालं नाही की तूप कमी पडलं. यशोदाकाकी म्हणाल्या, "हात बदलला की असं व्हतंय." आवाज चढा नव्हता. मागून कोणीतरी "व्हय की" म्हणालं.

चाचा म्हणाले, "हात आठवडाभरात बसतो, काकी. माझा बी पयल्या साली बसला नव्हता." पण त्यांनी आईकडं पाहिलं नाही. बायकांनी ती पिठूळ नानकटाई डब्यांत भरून नेली. टाकून देण्याची त्या काळी पद्धत नव्हती.

घरी आल्यावर आईनं पदर खोचून पुन्हा एक घाणा लावला, घरच्या ओव्हनमध्ये, चिपट्यानं, त्याच तीन-दीड-एकनं. तो बरोबर निघाला. त्यानं ती जास्त हैराण झाली. हात तोच, मैदा त्याच दुकानातला, प्रमाण तेच. तात्या दारामागच्या खडूच्या आकड्यांपुढं उभे राहिले. "वजन कर," एवढंच म्हणाले. पण बायकांचा मैदा तर भाजून गेला होता. तोलायला काहीच उरलं नव्हतं.

सकाळी आई यशोदाकाकींच्या दारात गेली. मापटं आदल्या दिवशी भट्टीवरून त्यांच्याच पिशवीतून गेलं होतं, ते आणायला हे निमित्त. मलाही नेलं. काकी ओट्यावर भेंडी निवडत होत्या. त्यांनी मापटं आतून आणलं आणि रिकामं नको म्हणून त्यात थोडी साखर घालून दिलं. ही रीत त्यांनी मोडली नाही, हे मी नोंदवून ठेवते.

"काकी, एक इचारू? तूप किती घातलं व्हतं तुमी?"

"तू सांगितलं तेवढं. वितळवून, मापटंभर. थेंब कमी न्हाय."

"आन मैदा?"

"तीन मापटी. शिगोशीग, वर मूठ." काकींचा आवाज आता चढला. "मी काय सपाट माप घिऊन यीन का परक्याच्या दारात? यशोदेनं मैदा मारला म्हणशील का आता?"

"तसं न्हाय वो. मैद्याला शीग दिली, साखरंला दिली..."

"मग तुपाला बी द्यायची व्हती का? वितळल्यालं तूप! वाहून गेलं असतं की चुलीत! शालन, डोस्कं ठिकाणावर हाय का तुझं?" आणि काकी हसल्या, सुनेला हाक मारून म्हणाल्या, "ऐकलंस का गं, तुपाला शीग लावाया सांगतीया ही!" आतून सुनेचाही हसण्याचा आवाज आला.

आई हसली नाही. तिच्या हातात मापटं होतं आणि ती त्याच्या काठाकडं पाहत होती. मग तिनं विचारलं, "चाचांकडं न्यायचा तवा तूप कसं न्यायचा तुमी?"

"कसं म्हंजी? थिजल्यालं. डब्यातनं कालथ्यानं काढून मापट्यात दाबायचं."

"आन वर?"

काकींच्या हातातली भेंडी तशीच राहिली. "वर... वर शीगच की. देवळाच्या कळसावाणी."

ती सगळी गोष्ट तेवढीच होती. आजवर बायका मैदा शिगेनं नेत, साखर शिगेनं नेत आणि थिजलेलं तूपही शिगेनंच नेत. माप एकच असल्यामुळं प्रत्येकाची शीग साधारण त्याच हिशेबात वाढे, आणि प्रमाण जागच्या जागी राही. त्यांना ते कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरी सगळं सुरीनं सपाट केलेलं, म्हणून तेही जुळत होतं. भट्टीवर मात्र मैदा आणि साखर गावच्या रीतीनं आली आणि तूप बारामतीच्या वर्गाच्या रीतीनं. अचूकपणासाठी वितळवलेल्या तुपाला शीग येत नाही. आज माझ्या ओट्यावर आकडा दाखवणारा सपाट काटा आहे; भांडं ठेवून शून्य करता येतं, आणि मैदा कितीही ढीग करून घातला तरी काटा फसत नाही. तरीही पाककृतीत 'कप' हा शब्द दिसला की मी पहिल्यांदा विचारते, कोणाच्या घरचा आणि भरायचा कसा.

आईनं घरी येऊन तात्यांना सांगितलं. ते उठले, दुकानातून तराजू घेऊन आले. मैद्याची तीन शिगोशीग मापटी, वर मूठ, पारड्यात. थिजलेल्या तुपाचं एक मापटं, कळसासकट, पारड्यात. त्यांनी बराच वेळ वजनं बदलली, मग दारामागच्या जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे मला लिहायला लावले. नवे आकडे मोठे होते, पण मैद्याच्या निम्म्याहून थोडं जास्त तूप, हा हिशेब तोच.

"मग काय करायचं?" तात्या म्हणाले. "बायकांस्नी सांग, सपाट आणा."

"न्हाय," आई म्हणाली. "सपाट कोणी आणायचं न्हाय. माझ्या दारात यायचंय त्यांना. शिगंनंच आणू दे. तुपाला बी शीग दिऊ दे."

मी पुढे अनेक वर्षं लोकांच्या निर्णयांच्या बातम्या लिहिल्या. त्यात एवढ्या कमी शब्दांत एवढं ठरवलेलं फारसं पाहिलं नाही. ती वर्गातल्या बाईंचं ऐकून गावाला सपाट करू शकली असती, आणि नानकटाई तशीही जमली असती.

चाचांकडं दुसरा घाणा मागायला जाणं सोपं नव्हतं. आईनं त्यांना मापटं दाखवून सांगितलं. चाचांनी ऐकलं, आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. "चाळीस सालं मी मळतोय आन मला वाटायचं माझा हात हाय तो," असं म्हणून ते इतके हसले की त्यांना दुखरा खांदा धरावा लागला. "आण जा. उद्या."

दुसऱ्या दिवशी पाचपैकी चार घरं आली. यशोदाकाकी नव्हत्या. आईनं चौघींचं मळलं. थिजलेलं तूप आणि पिठीसाखर आधी तळहातानं फेसली, पांढरी होईपर्यंत, मग मैदा थोडा थोडा. मी चिठ्ठ्या चिकटवल्या. तात्या कोपऱ्यात भट्टीचा तराजू पुसत उभे होते. हंगामाआधीचे दिवस, त्यांना काम नव्हतं, आणि कोणी बोलावलंही नव्हतं. ट्रे आत गेले. थोड्या वेळानं भट्टीच्या तोंडातून वेलदोड्याचा वास आला, आणि बोलणाऱ्या बायका बोलायच्या थांबल्या.

नानकटाया पसरल्या होत्या, वरून तडकल्या होत्या, कडेला बदामी झाल्या होत्या. चाचांनी एक उचलून तोंडात टाकली, डोळे मिटले आणि चावायचं काम पडलं नाही म्हणून उघडले. मग त्यांनी लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवून आईच्या बाजूला ठेवलं.

तात्यांनी प्रत्येक घराची नानकटाई तोलून डब्यात भरायला घेतली. शेवटच्या डब्याच्या वेळी काटा मध्यावर स्थिर झाला होता. त्यांनी ट्रेमधली, मळण्याबद्दल आमच्या वाट्याला आलेली, एक नानकटाई उचलून पारड्यात टाकली. पारडं खाली गेलं.

"ह्ये काय?" आईनं विचारलं.

"शीग," तात्या काट्याकडं बघत म्हणाले.

तेवढ्यात दारात सावली पडली. यशोदाकाकी होत्या, मागं सून, सुनेच्या कडेवर तुपाचा डबा. गल्लीतून जाताना वास आला असणार. त्यांनी तसं सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. त्यांनी परात स्वतःच पुढं ओढली, मैद्याच्या पिशवीत मापटं खुपसलं, शिगोशीग भरून वर उचललं, आणि ओतायचं सोडून आईच्या हातात दिलं.

"घे. मोज तूच."

आईनं मापटं दोन्ही हातांनी धरलं. काठावरून थोडा मैदा तिच्या मनगटावर घसरला. तिनं तो झटकला नाही.

"लाभ," ती म्हणाली, आणि परातीत ओतलं.